बुडालेल्या वर्षाची गोष्ट

वसतिगृहाच्या मेसमध्ये वाढायचं काम करणाऱ्या काकांनी एका संध्याकाळी मला जिन्यात गाठलं. "सर, चौदा नंबरचा पोरगा तीन आठवडे झाले भाजीला हात लावत नाही. भात-ताक घेतो, कोपऱ्यात बसतो, उठून जातो. तुमच्या कानावर घातलेलं बरं," एवढंच ते म्हणाले. मी तेव्हा त्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. चौदा नंबरच्या खोलीतल्या मुलाचं नाव मला चांगलं ठाऊक होतं, कारण आठच दिवसांपूर्वी मी त्याच्या नावापुढे सही केली होती. हजेरी ३१ टक्के, नियम ७५ टक्क्यांचा. डिटेन झालेल्यांच्या, म्हणजे परीक्षेला बसू न दिलेल्यांच्या, यादीत त्याचं नाव चौथं होतं. हा मुलगा दिवसभर जातो तरी कुठे, हा प्रश्न सही करताना माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

तो खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावचा. पॉलिटेक्निकला पहिला आलेला आणि डिप्लोमाच्या जोरावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवलेला. गावच्या चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. डिप्लोमाहून आलेल्या मुलांची पहिली गाठ पडते ती एम-थ्रीशी, म्हणजे तिसऱ्या सत्रातल्या गणिताशी. बारावीहून आलेल्या मुलांचं आधीचं वर्षभराचं गणित झालेलं असतं, यांचं झालेलं नसतं. पहिल्या चाचणीत त्याला तीसपैकी चार गुण पडले. त्यानंतर तो रोज सकाळी साडेनऊला सॅक पाठीला लावून बाहेर पडायचा आणि एसटी स्टँडवर जाऊन बसायचा. संध्याकाळी पाचला परत. घरी फोनवर सांगायचा, "सबमिशन चालू आहे." असे जवळजवळ तीन महिने गेले. स्टँडवरच का बसायचास, असं मी त्याला पुढे विचारलं, तेव्हा म्हणाला, "तिथं आमच्याकडच्या गाड्या लागतात सर. चढावंसं वाटायचं. पण गावात जाऊन सांगणार काय?"

या पुस्तकात प्राध्यापकांनी, समुपदेशकांनी, निवासी डॉक्टरांनी, पालकांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनी लिहिलेलं आहे. ते सगळं वाचून झाल्यावर मला पुन्हा पुन्हा त्या मुलाचं हे वाक्य आठवत राहिलं. व्यावसायिक शिक्षणात मुलांना येणाऱ्या मानसिक त्रासाची कारणं अनेक आहेत. पण त्रासाचं रूपांतर संकटात होतं ते बहुधा एकाच ठिकाणी: जिथे थांबायला जागा नसते आणि मागे फिरायला तोंड नसतं.

व्यावसायिक महाविद्यालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंजिनिअरिंग आणि मेडिकल येतं. त्यांच्या बरोबरीने दंतवैद्यक, आयुर्वेद, फार्मसी, नर्सिंग, कृषी, वास्तुकला, विधी आणि व्यवस्थापन हेही याच वाटेवरचे अभ्यासक्रम आहेत. या सगळ्यांत समान गोष्ट ही की प्रवेश आधी होतो आणि ओळख नंतर. सतरा-अठरा वर्षांचं मूल एका परीक्षेच्या गुणांवर कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, पर्याय भरतं, जिथे नंबर लागतो तिथे जातं, आणि पुढची चार-साडेपाच वर्षं त्या एका निर्णयाला बांधलं जातं. बी.ए.च्या मुलाला विषय बदलता येतो. एमबीबीएसच्या मुलीला पहिल्या वर्षात शरीरशास्त्राचा वास सहन झाला नाही, तर तिने जायचं कुठे? १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शिक्षणाची दारं कितीतरी घरांसाठी उघडली. त्याच दारातून कर्जही आत आलं. ज्या घरात मुलाच्या फीसाठी एकर विकला गेला, त्या घरात "मला हे जमत नाही" हे वाक्य उच्चारायला मूल धजावत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात २०२१ साली १३,०८९ आणि २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. दोन्ही वर्षी सर्वांत जास्त नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या, २०२१ मध्ये १,८३४ आणि २०२२ मध्ये १,७६४. हे आकडे शाळकरी मुलांसकट सगळ्या विद्यार्थ्यांचे आहेत, केवळ व्यावसायिक महाविद्यालयांचे नाहीत. पण २०२२ च्या अहवालात आणखी एक आकडा आहे, तो नजरेआड करू नये. परीक्षेतल्या अपयशाशी जोडलेल्या आत्महत्या त्या वर्षी देशभरात २,२४८ होत्या. कुठल्याही आत्महत्येमागे एकच एक कारण नसतं, हे या विषयात काम करणारा प्रत्येक जण सांगेल. परीक्षा हे बहुतेक वेळा शेवटचं निमित्त असतं. त्याआधी महिनोन् महिने काहीतरी साचत आलेलं असतं. हे पुस्तक त्या साचत जाण्याविषयी आहे.

साचायला सुरुवात पहिल्या सत्रात होते. वर्गात सत्तर मुलं असतात आणि सत्तरच्या सत्तर आपापल्या शाळेत पहिल्या तिनांत आलेली असतात. बारा वर्षं "हुशार" या एका शब्दावर ज्यांची ओळख उभी राहिली, त्यांच्यापैकी जवळपास निम्मी मुलं पहिल्याच चाचणीत वर्गाच्या सरासरीखाली जातात. यात कुणाचीच चूक नाही, हे साधं गणित आहे. पण हे गणित त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं. त्यात भाषेची भर पडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत संवेग आणि त्वरण ज्याने नीट समजून घेतलं, त्याला तेच विषय इंग्रजीत वाचता येतात, लिहिताही येतात. तोंडी परीक्षेत समोर बाहेरचे परीक्षक बसलेले असताना मात्र उत्तर येत असतं आणि वाक्य येत नाही. परीक्षक म्हणून मी असे शेकडो चेहरे पाहिले आहेत. अशा वेळी "मराठीत सांग" म्हणायला दोन सेकंद लागतात, आणि पुष्कळदा तेवढ्याने मूल सावरतं.

दुसरी गोष्ट पैशाची. शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरलेला असतो, हप्ता आलेला नसतो, आणि कार्यालयातली खिडकी फी मागत असते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. हा मोठा आणि स्वागतार्ह निर्णय होता. तरीही खोलीभाडं, मेस, पुस्तकं आणि प्रवास हा खर्च उरतोच. मेसचं बिल थकलं म्हणून एक वेळ जेवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि "हल्ली भूक नाही" म्हणून ती ते लपवतात.

तिसरी गोष्ट अपमानाची. तिच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. वॉर्डमध्ये राउंड चालू असताना रुग्ण, नातेवाईक आणि नर्स यांच्यादेखत निवासी डॉक्टरला झापणं, जर्नल फेकून देणं, अवघ्या वर्गासमोर "तुला प्रवेश दिला कुणी?" असं विचारणं, हे सगळं शिस्तीच्या नावाखाली खपतं. काही मुलांना हा प्रश्न वेगळ्या धारेने लागतो. "सीईटीला रँक किती?" हे वसतिगृहात पहिल्या आठवड्यात विचारलं जातं. विचारणाऱ्याला कित्येकदा रँक नको असते, प्रवर्ग हवा असतो. २०१९ साली दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एकीने हैदराबादच्या विद्यापीठात शिकणारा मुलगा गमावला होता, दुसरीने मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी. उच्च शिक्षणातला जातिभेद रोखणारी यंत्रणा प्रत्यक्षात चालवा, एवढीच त्यांची मागणी होती. मानसिक त्रासाविषयी लिहिताना जातीचा उल्लेख टाळणारं लेखन अर्धवट राहतं. म्हणून या पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

वैद्यकीय शिक्षणाची कथा आणखी निराळी आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी जे निर्देश काढले, त्यांत साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नसावं असं म्हटलं होतं. ते कागदावर राहिलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला तेव्हा आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्यातून एक सुट्टी द्या, अशी शिफारस करावी लागली. बत्तीस वर्षांनी ४८ वरून ७४ वर येऊन आपण त्याला सुधारणा म्हणतो आहोत. २५,००० हून अधिक एमबीबीएस विद्यार्थी आणि ५,००० हून अधिक पदव्युत्तर विद्यार्थी या कृती दलाने केलेल्या पाहणीत सहभागी झाले होते. आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालं आहे, असं एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तरच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. जी मुलं उद्या आपली नाडी पाहणार आहेत, त्यांची ही अवस्था आहे. त्यांतल्या ज्यांना मधेच थांबावंसं वाटतं, त्यांच्यापुढे जागा सोडल्याचा लाखोंचा दंड उभा असतो. ही सीट सोडण्याची बंधपत्रं रद्द करावीत, असं आयोगाने २०२४ मध्ये राज्यांना सुचवलं. थांबण्याच्या वाटेवर उभी केलेली भिंत काढा, असाच त्या सूचनेचा अर्थ आहे.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. प्रत्येक त्रास हा आजार नसतो. घराची आठवण येणं, परीक्षेआधी झोप उडणं, मैत्री तुटल्यावर रडू येणं हे वाढीच्या वयातलं दुःख आहे. त्याला सोबत लागते, वेळ लागतो. पण दोन-तीन आठवडे उलटले तरी झोप परत येत नाही, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात, अंघोळ करणंही डोंगराएवढं वाटतं, आपण सगळ्यांना ओझं आहोत असं वाटू लागतं, तेव्हा तो उपचाराचा विषय होतो. आयुष्यभरात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या चोविसाव्या वर्षाआधी होते, असं मोठ्या पाहण्यांतून दिसलेलं आहे. म्हणजे मुलं आपल्या वर्गात बसलेली असतात, नेमकं तेच हे वय. तरी आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की कुणीतरी येरवड्याचं नाव घेतं, कुणी ठाण्याचं. जिथे माणसं बरी व्हायला जातात त्या गावांच्या नावाची आपण शिवी केली. हे ऐकत मोठं झालेलं मूल मदत मागायला कसं जाईल?

आणि मदत मागायला शब्द तरी कुठे आहेत? आमच्या पिढीतली मुलं वसतिगृहातून घरी पत्र लिहायची, त्यात एक वाक्य हमखास असायचं: "इथे करमत नाही." किती नेमका शब्द आहे हा! त्यात एकटेपण आहे, घराची ओढ आहे, कशातच मन न लागणं आहे, आणि कुठल्याही आजाराचा शिक्का नाही. आई ते वाक्य वाचायची आणि वडिलांना पुढच्या गाडीने पाठवायची. आज मुलं रोज फोनवर बोलतात, व्हिडिओ कॉल करतात, पण "करमत नाही" हे क्वचितच म्हणतात. "टेन्शन आहे" म्हणतात, आणि टेन्शन सगळ्यांनाच असल्यामुळे पलीकडून "होईल सगळं नीट" असं उत्तर येतं. मराठी घरांनी हा शब्द पुन्हा वापरात आणावा असं मला मनापासून वाटतं. मुलगा करमत नाही म्हणाला, तर त्याला उपदेश करू नये. त्याला भेटायला जावं.

कायद्याच्या बाजूने गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत बरंच काही घडलं. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी नियम आणले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरावं, तिला शिक्षा करू नये, उलट तिची काळजी घेणं हे शासनाचं कर्तव्य आहे, असं तो सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं, असे निर्देश दिले.

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा निर्देश मला फार मोलाचा वाटतो, कारण चौदा नंबरच्या खोलीतला मुलगा ना प्राध्यापकाला दिसला, ना रेक्टरला. तो दिसला मेसमधल्या काकांना. वॉचमन, ग्रंथालयातले मदतनीस, प्रयोगशाळेतले सहायक, झेरॉक्सवाला, सफाई करणाऱ्या मावशी यांना मुलांचं रोजचं येणं-जाणं पाठ असतं. समुपदेशन कक्ष मात्र बहुतेक ठिकाणी प्राचार्यांच्या केबिनशेजारी असतो, दाराला काच असते, समोर फी भरणाऱ्यांची रांग असते. तिथे मूल पाय ठेवणार नाही. खोलीची जागा बदलायला खर्च येत नाही. तिथे बोललेलं तिथेच राहील, घरी किंवा विभागप्रमुखांकडे जाणार नाही, ही खात्री द्यायलाही पैसे पडत नाहीत. मात्र मुलाच्या जिवाला धोका दिसत असेल, तर मदतीसाठी इतरांना सांगावं लागेल, हेही त्याला पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे सांगावं.

हे सगळं आपल्याला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून जेवू घालणारं बोर्डिंग सुरू केलं. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. या माणसांना मानसशास्त्राची परिभाषा ठाऊक असण्याची गरज नव्हती. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात आधी घर लागतं आणि मग शिक्षण, एवढं त्यांनी ओळखलं होतं. आजची वसतिगृहं खाटा मोजतात, डिपॉझिट मोजतात. मूल जेवलं का, हे कुणी मोजत नाही. महाराष्ट्राने आपलीच ही परंपरा पुन्हा हाती घ्यावी.

आता त्या मुलाची उरलेली हकिगत. मी त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. नैराश्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली. वडिलांना कळवणं भाग होतं. त्याने हात जोडून नको म्हटलं, मग दोन दिवसांनी स्वतःच फोन केला. वडील रात्रीच्या गाडीने आले. माझ्या केबिनमध्ये बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "वर्ष बुडणार आहे." आपण हेच क्रियापद वापरतो. पाणी डोक्यावरून गेल्यासारखं. ते शेतकरी होते, त्यांना हा शब्द माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. ते म्हणाले, "बुडू द्या सर. आमची चार वर्षं बुडाली. वर्ष बुडालं म्हणून शेत कुणी टाकून देत नाही." मुलगा पहिल्यांदा रडला तो तेव्हा. तो त्यांच्याबरोबर त्याच स्टँडवरून गावी गेला, जूनमध्ये परत आला, आणि एक वर्ष उशिरा पदवीधर झाला. त्या यादीवर मी केलेली सही मला अजून आठवते. आपल्या शिक्षणव्यवस्थेत अशा सह्या रोज होतात, म्हणून ही गोष्ट इथे सांगितली.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत. या पुस्तकातल्या दोन लेखांमध्ये आपली मुलं गमावलेल्या आईवडिलांनी लिहिलं आहे. ते लेख सावकाश वाचावेत, आणि त्यांच्यात दोष कुणाचा याचा निवाडा शोधू नये.

पालकांना माझी विनंती आहे की प्रवेशाच्या दिवशीच मुलाला एक वाक्य सांगून ठेवा: "नाही जमलं तर घरी ये." हे वाक्य ऐकलेली मुलं आळशी होतात असं मला तीस वर्षांत दिसलं नाही. प्राध्यापकांना विनंती आहे की डिटेनच्या यादीवर सही करण्याआधी त्यातल्या प्रत्येक नावाला एकदा भेटा. संस्थाचालकांनी आणि शासनाने शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी, कामाचे तास माणसाला झेपतील इतके ठेवावेत, आणि वर्षभर थांबून परत येणाऱ्या मुलाची जागा राखून ठेवावी. ही करुणेची मागणी नाही, ती नियमांत बसवता येण्याजोगी गोष्ट आहे.

आणि विद्यार्थी मित्रा, मैत्रिणी, हे पुस्तक वसतिगृहाच्या खोलीत रात्री उशिरा तू वाचत असशील, तर पुढचं पान उलटण्याआधी शेजारच्या खोलीचं दार वाजव, घरी फोन कर, किंवा १४४१६ हा क्रमांक लाव. टेली-मानसचा हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं. काय बोलावं सुचलं नाही, तर "करमत नाही" एवढंच सांग. सुरुवातीला तेवढं पुरतं.